विश्लेषण : डोळ्यातील बुरशी औषधांना दाद का देत नाही? प्रयोगशाळेचा अहवाल काय सांगतो आणि काय नाही?

ऊसतोडणीच्या हंगामात पात डोळ्याला लागणे, मळणीच्या वेळी कुसळ डोळ्यात जाणे किंवा फांदीचा फटकारा बसणे हे ग्रामीण भागात नेहमीचेच. बहुतेकांचा डोळा एक-दोन दिवसांत बरा होतो. काहींच्या बाबतीत मात्र त्या बारीक ओरखड्यातून बुरशी आत शिरते आणि काही आठवड्यांत दृष्टी जाते. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०२५ मध्ये बुरशीच्या संसर्गांवरील औषधे आणि चाचण्या यांचा पहिला आढावा प्रसिद्ध केला. दहा वर्षांत अमेरिका, युरोपीय संघ किंवा चीनमध्ये अवघ्या चार नव्या बुरशीविरोधी औषधांना मान्यता मिळाली, असे त्यात नमूद आहे. हा आढावा मुख्यतः रक्त, फुप्फुस, मेंदू यांच्यापर्यंत पोहोचणाऱ्या संसर्गांचा होता. डोळ्याच्या बुरशीचा प्रश्न त्यापेक्षा वेगळा आहे. तिथे जुने औषध नव्यापेक्षा सरस ठरले आहे आणि ‘औषध लागू पडेल’ असे सांगणारा प्रयोगशाळेचा आकडा अनेकदा अपुरा पडतो. असे का होते, याचा हा आढावा.

हा आजार नेमका काय आहे?

डोळ्याच्या काळ्या भागावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. त्याला वैद्यकीय भाषेत कॉर्निया म्हणतात. बोलताना आपण त्याला बुबुळच म्हणतो. जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीच्या या पडद्यावर जखम होऊन त्यात जंतू वाढले की व्रण तयार होतो. जंतू बुरशीचा असेल तर त्याला ‘फंगल केराटायटिस’ किंवा बुबुळाचा बुरशीजन्य व्रण म्हणतात.

डोळा लाल होतो, खुपतो, पाणी येते, उजेड सहन होत नाही आणि बुबुळावर पांढरट डाग दिसू लागतो. बुरशीच्या व्रणाच्या कडा अनेकदा पिसासारख्या विस्कटलेल्या असतात आणि मुख्य व्रणाभोवती लहान लहान ठिपके दिसतात. संसर्ग खोल गेला की बुबुळामागे पू साठतो. उपचार झाले नाहीत किंवा औषध लागू पडले नाही, तर बुबुळाला छिद्र पडते. वेळेत बरा झालेला व्रणही मागे पांढरा वण ठेवतो. ‘डोळ्यात फूल पडले’ असे गावाकडे म्हणतात, ते अनेकदा अशाच व्रणाचा वण असतो. हा वण बुबुळाच्या मधोमध असेल तर डोळा शाबूत असूनही दिसत नाही.

करोनाकाळातील ‘काळी बुरशी’ हीच का?

नाही. २०२१ मध्ये महाराष्ट्रासह देशभर पसरलेला म्युकरमायकोसिस नाकातून आणि सायनसमधून सुरू होत होता. तिथून तो डोळ्याच्या खोबणीत आणि मेंदूपर्यंत जात असे. अनियंत्रित मधुमेह आणि करोनाच्या उपचारात दिलेली स्टिरॉइड ही त्यामागची मोठी कारणे होती आणि रुग्णाच्या जिवालाच धोका असे. बुबुळाचा बुरशीजन्य व्रण बाहेरून, जखमेतून होतो. तो धडधाकट, तरुण माणसालाही होतो आणि सहसा जिवावर बेतत नाही. दोन्ही आजारांतील बुरशी वेगळी, औषधांचा मार्गही वेगळा. म्युकरमायकोसिसमध्ये ॲम्फोटेरिसिन-बी शिरेतून द्यावे लागते. बुबुळाच्या व्रणात मुख्य भिस्त थेंबांवर असते.

या फरकाचा एक परिणाम धोरणावरही होतो. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये १९ धोकादायक बुरशींची प्राधान्य यादी जाहीर केली. डोळ्यात वारंवार आढळणारी फ्युजेरियम ही बुरशी त्या यादीत ‘उच्च’ गटात आहे. पण ती तिथे आहे ती प्रामुख्याने प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांच्या शरीरात पसरते म्हणून. शेतमजुराच्या डोळ्यातील फ्युजेरियम हा त्या यादीचा मुख्य विषय नाही.

व्याप्ती किती आणि झळ कोणाला?

२०२१ मध्ये ‘लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजानुसार दरवर्षी १० लाखांहून अधिक लोकांना हा आजार होतो. सर्वाधिक प्रमाण आशिया आणि आफ्रिकेतील उष्ण, दमट प्रदेशांत आहे. याच अंदाजानुसार ८ ते ११ टक्के रुग्णांचा डोळा अखेर काढावा लागतो.

भारतातील चित्र दक्षिणेकडील मोठ्या नेत्र रुग्णालयांच्या नोंदींवरून स्पष्ट होते. मदुराईत १९९०च्या दशकात केलेल्या अभ्यासात, ज्या व्रणांत जंतू सापडले त्यांतील जवळपास निम्मे केवळ बुरशीचे होते. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेने दहा वर्षांत १,३५२ बुरशीजन्य व्रणांची नोंद केली. त्यात पुरुषांचे प्रमाण स्त्रियांपेक्षा बरेच जास्त होते. थंड हवेच्या श्रीमंत देशांत बुबुळाचे व्रण मुख्यतः जिवाणूंमुळे होतात आणि बुरशी क्वचित आढळते. तिथे ती चर्चेत आली ती कॉन्टॅक्ट लेन्समुळे. २००६ मध्ये एका लेन्स द्रावणाशी जोडलेले फ्युजेरियम संसर्गाचे १६४ रुग्ण अमेरिकेत निश्चित झाले आणि ते द्रावण जगभरातून मागे घेण्यात आले.

भारतात मात्र हा कष्टकऱ्यांचा आजार आहे. शेतात, बांधकामावर, जनावरांच्या चाऱ्याशी रोज संबंध येणाऱ्यांना तो होतो. महाराष्ट्राच्या दृष्टीने उसाची पात हा यातील महत्त्वाचा दुवा आहे. तिची कड करवतीसारखी असते आणि तोडणी चालते ते नेमके थंडीचे महिने. मराठवाड्यातून साखर पट्ट्यात जाणारा मजूर उचल घेऊन आलेला असतो. एक दिवस काम बुडाले तर त्याचा हिशेब पडतो. शिवाय फडापासून नेत्रतज्ज्ञ दूर असतो. त्यामुळे डोळा लाल झाल्यावर पहिले काही दिवस घरगुती उपायांत किंवा औषध दुकानातून आणलेल्या थेंबांत जातात. या आजारात तेच दिवस सर्वांत मोलाचे असतात.

कोणती बुरशी डोळ्यात जाते?

माती, पालापाचोळा, धान्य यांवर वाढणाऱ्या शेकडो बुरशींपैकी काहीच डोळ्यात तग धरतात. त्यात फ्युजेरियम आणि ॲस्परजिलस या दोन प्रमुख. दक्षिण भारतात फ्युजेरियम पुढे असते, तर उत्तर भारतातील अनेक अहवालांत ॲस्परजिलस. फ्युजेरियम ही शेतकऱ्याला अनोळखी नाही. हरभऱ्याची, तुरीची किंवा केळीची मर करणारी बुरशी याच कुळातली. ॲस्परजिलस फ्लेव्हस भुईमुगावर, मक्यावर वाढते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. या दोघींखेरीज कर्व्ह्युलारियासारख्या काळपट रंगाच्या बुरशीही आढळतात.

कोणती बुरशी आहे हे कळणे महत्त्वाचे, कारण प्रत्येकीची औषधांना दाद देण्याची तऱ्हा वेगळी आहे.

औषधे किती आहेत आणि ती कशी काम करतात?

जिवाणूंविरुद्ध प्रतिजैविकांचे अनेक गट उपलब्ध आहेत. बुरशीविरुद्ध तशी चैन नाही. बुरशीची पेशी आपल्या पेशीशी बरीच मिळतीजुळती असते. त्यामुळे बुरशी मारेल पण माणसाला इजा करणार नाही, असे लक्ष्य शोधणे अवघड जाते. असे एक लक्ष्य म्हणजे एर्गोस्टेरॉल. आपल्या पेशींच्या आवरणात कोलेस्टेरॉल असते, बुरशीच्या आवरणात त्या जागी एर्गोस्टेरॉल.

डोळ्यासाठीची मुख्य औषधे याच लक्ष्यावर दोन बाजूंनी हल्ला करतात. नाटामायसिन आणि ॲम्फोटेरिसिन-बी ही औषधे तयार एर्गोस्टेरॉलला जाऊन चिकटतात आणि पेशीचे कामकाज बिघडवतात. व्होरिकोनाझोल, इट्राकोनाझोल, फ्लुकोनाझोल ही ‘अझोल’ गटातील औषधे एर्गोस्टेरॉल तयार करणाऱ्या विकरालाच अडवतात.

यातील नाटामायसिन सर्वांत जुने. १९५०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतील नाताल भागातील मातीतून मिळालेल्या सूक्ष्मजीवापासून ते वेगळे करण्यात आले. नावही त्यावरूनच पडले. चीजवर बुरशी येऊ नये म्हणूनही ते वापरले जाते. डोळ्यासाठी त्याचे ५ टक्क्यांचे थेंब मिळतात. ते पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून बाटलीच्या तळाशी पांढरा साका बसतो आणि प्रत्येक वेळी बाटली हलवूनच थेंब टाकावा लागतो. त्याचा रेणू मोठा असल्याने ते बुबुळात खोलवर जात नाही. व्होरिकोनाझोल याच्या उलट : नवे, अनेक बुरशींवर चालणारे आणि डोळ्यात खोलवर पोहोचणारे. त्यामुळे ते बाजारात आले तेव्हा नाटामायसिनचे दिवस संपले, असे अनेकांना वाटले होते.

औषधाला ‘दाद देणे’ कसे मोजतात?

व्रण खरवडून घेतलेला नमुना प्रयोगशाळेत वाढवतात. मग छोट्या खळ्यांच्या ताटलीत औषधाच्या उतरत्या मात्रा भरतात : ३२, १६, ८, ४, २, १ अशा, प्रत्येक खळ्यात आधीच्या निम्मी. प्रत्येकात बुरशीचे सारखेच बीजाणू टाकून ताटली सुमारे दोन दिवस उबेत ठेवतात. ज्या सर्वांत कमी मात्रेला बुरशीची वाढ थांबलेली दिसते, ती ‘किमान रोधक मात्रा’ किंवा एमआयसी. ती प्रति मिलिलिटर किती मायक्रोग्रॅम, अशी मांडतात. आकडा लहान, म्हणजे बुरशी औषधाला सहज दाद देते. आकडा मोठा, म्हणजे ती चिवट.

या मोजमापात ठळक फरक दिसतात. फ्युजेरियमची नाटामायसिनसाठीची एमआयसी साधारणपणे ४ ते ८ असते. ॲस्परजिलस फ्लेव्हसची मात्र ३२ किंवा त्याहूनही जास्त भरते. व्होरिकोनाझोलच्या बाबतीत चित्र उलटे. ॲस्परजिलस त्याला कमी मात्रेत दाद देते, फ्युजेरियमला ते कित्येक पटींनी जास्त लागते. केवळ आकडे पाहिले तर उत्तर सोपे वाटते : फ्युजेरियमला नाटामायसिन, ॲस्परजिलसला व्होरिकोनाझोल. प्रत्यक्ष रुग्णांवर मात्र या समीकरणाचा निम्माच भाग खरा ठरला.

अरविंद रुग्णालयांतील चाचणीने काय दाखवले?

दक्षिण भारतातील अरविंद नेत्र रुग्णालये आणि सॅन फ्रान्सिस्को येथील प्रॉक्टर फाउंडेशन यांनी २०१० आणि २०११ मध्ये ३२३ रुग्णांवर चाचणी घेतली. निम्म्यांना ५ टक्के नाटामायसिन, निम्म्यांना १ टक्का व्होरिकोनाझोल. पहिला आठवडा जागेपणी दर तासाला एक थेंब, नंतर तीन आठवडे पूर्ण होईपर्यंत दर दोन तासांनी. कोणाला कोणते औषध मिळते हे रुग्णाला वा डॉक्टरला माहीत नव्हते. निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले.

जुने नाटामायसिन सरस ठरले. तीन महिन्यांनंतर नाटामायसिन मिळालेल्यांची दृष्टी सरासरीने चांगली होती. त्यांच्यात बुबुळाला छिद्र पडण्याचे किंवा तातडीने बुबुळ रोपण करावे लागण्याचे प्रमाणही बरेच कमी होते. हा फरक मुख्यतः फ्युजेरियमच्या रुग्णांमुळे आला. त्यांच्यात दृष्टितक्त्यावर सुमारे चार ओळींचा फरक पडला. चार ओळी म्हणजे काय? एखाद्याला समोरच्या माणसाचा चेहरा नीट ओळखू येणे आणि नुसती आकृती दिसणे, एवढे हे अंतर असू शकते.

ॲस्परजिलस आणि इतर बुरशींच्या रुग्णांत दोन्ही औषधांत फरक दिसला नाही. म्हणजे प्रयोगशाळेतील आकडे व्होरिकोनाझोलच्या बाजूने असूनही ते डोळ्यात पुढे गेले नाही.

त्यानंतर भारत आणि नेपाळमध्ये २४० गंभीर रुग्णांवर दुसरी चाचणी झाली. थेंबांच्या जोडीला व्होरिकोनाझोलच्या गोळ्या दिल्या तर डोळा वाचतो का, हा प्रश्न होता. २०१६ मध्ये आलेले उत्तर निराशाजनक होते : छिद्र पडण्याचे प्रमाण एकंदरीत कमी झाले नाही आणि दुष्परिणाम मात्र वाढले. नेपाळमध्येच पुढे स्वस्त आणि सहज मिळणाऱ्या क्लोरहेक्झिडिनची नाटामायसिनशी तुलना झाली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीतही नाटामायसिनच पुढे राहिले. दरम्यान, जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये नाटामायसिनचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला होता.

मग प्रयोगशाळेचा आकडा आणि डोळा यांत अंतर का पडते?

पहिले कारण म्हणजे मात्रा. पाच टक्क्यांच्या थेंबात प्रति मिलिलिटर ५०,००० मायक्रोग्रॅम नाटामायसिन असते. फ्युजेरियमला थांबवायला ४ ते ८ पुरतात, तर ॲस्परजिलस फ्लेव्हसला ३२ किंवा अधिक. बुबुळाच्या पृष्ठभागावर थेंब पडतो तेव्हा या दोन्ही आकड्यांच्या हजारपटीहून अधिक औषध तिथे असते. त्यामुळे प्रयोगशाळेच्या हिशेबाने ‘चिवट’ असलेली बुरशीही वरवरच्या व्रणात दाद देऊ शकते.

दुसरे कारण याच्या नेमके उलट आहे. थेंबातील बहुतेक औषध काही मिनिटांत अश्रूंबरोबर वाहून जाते. उरलेले किती खोल जाते, हे औषधाच्या रेणूवर, व्रणाच्या खोलीवर आणि बुबुळाचा वरचा थर उघडा आहे की नाही यावर अवलंबून असते. बुबुळात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे रक्तातून औषध पोहोचवण्याचा मार्गही अडचणीचा. खोल गेलेल्या बुरशीपर्यंत औषध पोहोचलेच नाही, तर अहवालात ‘दाद देते’ असे लिहिलेले असूनही डोळा जाऊ शकतो.

तिसरे कारण नियमांचे. जिवाणूंच्या अहवालात एखाद्या औषधापुढे ‘संवेदनशील’ किंवा ‘प्रतिरोधक’ असे लिहिलेले असते. त्यासाठी ठरवलेली सीमारेषा गोळी वा इंजेक्शननंतर रक्तात किती औषध असते, यावर बेतलेली असते. डोळ्यात टाकायच्या बुरशीविरोधी थेंबांसाठी अशी मान्य सीमारेषाच नाही. त्यामुळे डोळ्याच्या बुरशीच्या अहवालात ‘प्रतिरोधक’ शब्द दिसला, तरी त्याचा अर्थ ‘हे थेंब निरुपयोगी’ असा सरळ लावता येत नाही.

म्हणून हा आकडा निरर्थक आहे का? तसेही नाही. अरविंद येथील चाचणीतील नमुन्यांचा पुढे अभ्यास झाला. नाटामायसिनची एमआयसी जितकी जास्त, तितका तीन महिन्यांनंतरचा वण मोठा आणि छिद्र पडण्याची शक्यता अधिक, असे त्यात दिसले. व्होरिकोनाझोलच्या एमआयसीचा मात्र परिणामांशी असा संबंध आढळला नाही. थोडक्यात, आकडा काहीतरी सांगतो, पण प्रत्येक औषधाच्या बाबतीत सारखेच सांगत नाही.

आणखी एक व्यावहारिक अडचण वेळेची. बुरशी वाढायला काही दिवस, कधी आठवडाही लागतो. मग एमआयसीसाठी आणखी दोन दिवस. तोपर्यंत उपचार थांबवता येत नाहीत. म्हणजे औषधाची निवड अहवाल येण्याआधीच झालेली असते. अहवाल कामी येतो तो डोळा सुधारत नसेल आणि पुढे काय करायचे हे ठरवायचे असेल तेव्हा.

बुरशीचा प्रतिकार वाढतो आहे का? फवारणीचा संबंध आहे का?

काही चिन्हे काळजी वाटावी अशी आहेत. अरविंद येथील चाचणीच्या नमुन्यांत व्होरिकोनाझोलची एमआयसी वर्षाला दुपटीहून थोडी अधिक वाढत गेल्याचे आढळले. नाटामायसिनच्या बाबतीत तशी वाढ दिसली नाही. हा कालावधी छोटा होता, त्यामुळे त्यावरून मोठे निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. पण वर्षानुवर्षे असे आकडे जमा करण्याची गरज त्यातून स्पष्ट होते.

शेतीचा संदर्भ इथेच येतो. द्राक्षावरील भुरीसाठी फवारले जाणारे हेक्झाकोनाझोल, टेब्युकोनाझोल आणि डोळ्यात टाकले जाणारे व्होरिकोनाझोल ही एकाच अझोल कुटुंबातली भावंडे. बुरशीचे तेच विकर ती अडवतात. ॲस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीत अझोलविरुद्धचा प्रतिकार शेतातील वापरातून निर्माण झाल्याचे भक्कम पुरावे प्रथम नेदरलँड्समधून आले. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटच्या संशोधकांना भारतातील मातीतही तोच जनुकीय बदल असलेली बुरशी सापडली. हे संशोधन फुप्फुसाच्या आजारासंदर्भातले आहे. बुबुळाच्या व्रणाबाबत असा थेट दुवा सिद्ध झालेला नाही आणि फ्युजेरियम तर मुळातच अझोलला फारशी दाद देत नाही. तरीही डोळ्यात जाणारी बुरशी शेतातूनच येते. त्यामुळे शेतातील फवारणी आणि डोळ्याचे औषध हे दोन वेगळ्या खात्यांचे विषय मानणे परवडणारे नाही.

डोळे प्रत्यक्षात कशामुळे जातात?

औषधाचा प्रतिकार हे एक कारण. पण अनेक रुग्णांच्या बाबतीत घात त्याआधीच झालेला असतो. सर्वांत मोठा धोका स्टिरॉइड असलेल्या थेंबांचा. ‘डोळा लाल झालाय’ म्हटल्यावर दुकानातून प्रतिजैविक आणि स्टिरॉइड एकत्र असलेली बाटली सहज हातात पडते. स्टिरॉइडमुळे लाली आणि दुखणे एक-दोन दिवस कमी होते, रुग्णाला बरे वाटते. पण स्टिरॉइड डोळ्याची स्थानिक प्रतिकारशक्ती दाबते आणि बुरशीला रान मोकळे मिळते. रुग्ण नेत्रतज्ज्ञाकडे पोहोचतो तेव्हा व्रण खोल गेलेला असतो. मग प्रयोगशाळेत बुरशी औषधाला कितीही चांगली दाद देवो, औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. डोळ्यात दूध, मध किंवा झाडपाल्याचा रस घालण्यानेही संसर्ग वाढतो आणि उपचार लांबतात.

दुसरी त्रुटी निदानाची. व्रण बुरशीचा आहे की जिवाणूचा, हे नुसत्या डोळ्यांनी पाहून अनुभवी तज्ज्ञही खात्रीने सांगू शकत नाही. त्यासाठीची प्राथमिक चाचणी मात्र साधी आहे. व्रण हलकेच खरवडून घेतलेला नमुना काचपट्टीवर ठेवायचा, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. बुरशीचे तंतू असतील तर काही मिनिटांत दिसतात. एमआयसीला लागणारी महागडी यंत्रणा इथे लागत नाही. लागतो तो सूक्ष्मदर्शक, प्रशिक्षित माणूस आणि ‘आधी नमुना, मग औषध’ ही शिस्त. तालुका पातळीवर यातले काहीतरी एक नेहमी कमी पडते.

तिसरी गोष्ट उपचाराच्या चिकाटीची. दर तासाला थेंब, तेही तीन आठवडे किंवा जास्त. मजुरी करणाऱ्याला हे पाळणे कठीण जाते. दोन दिवस बरे वाटले की औषध सुटते आणि व्रण पुन्हा उचल खातो. व्रण आटोक्यात आलाच नाही, तर शेवटचा उपाय म्हणजे बुबुळ रोपण. पण संसर्ग चालू असताना केलेले रोपण टिकण्याची शक्यता कमी असते आणि दान केलेली बुबुळे आधीच गरजेपेक्षा कमी आहेत.

मुळात व्रण होऊच नये म्हणून काय करता येते?

नेपाळमधील भक्तपूर येथे गावातील स्वयंसेवकांनी डोळ्याला ओरखडा गेलेल्यांना लगेच क्लोरॅम्फेनिकॉलचे मलम दिले. ओरखड्यानंतर १८ तासांच्या आत मलम सुरू झालेल्यांपैकी कोणालाही व्रण झाला नाही, असे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आढळले. उशीर होत गेला तसा व्रणाचा धोका वाढत गेला. पुढे नेपाळमध्येच अशा योजनेची मोठी चाचणी झाली. मलम देणाऱ्या गावांत व्रणांचे एकूण प्रमाण इतर गावांपेक्षा कमी झाल्याचे मात्र त्यात दिसले नाही. मलम वाटणे हा एकमेव उपाय नाही, एवढा बोध त्यातून घेता येतो.

तरीही काही गोष्टी निर्विवाद आहेत. तोडणीच्या आणि मळणीच्या वेळी साधा संरक्षक चष्मा डोळा वाचवू शकतो. डोळ्यात काही गेले तर पदराच्या किंवा रुमालाच्या टोकाने काढण्याऐवजी स्वच्छ पाण्याने धुणे, चोळणे टाळणे आणि दुसऱ्या दिवशीही डोळा लाल राहिला, खुपला किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला तर नेत्रतज्ज्ञाकडे जाणे. डॉक्टरांना ‘पात लागली होती’, ‘दुकानातून अमुक थेंब आणून टाकले होते’ हे सांगितले, तर निदान लवकर होते. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी ती नळाच्या पाण्याने धुऊ नये आणि डोळा लाल असताना घालू नये.

पुढे काय?

नव्या औषधांची वाट पाहणे हा या प्रश्नावरचा नजीकचा तोडगा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या एप्रिल २०२५ च्या आढाव्यानुसार त्या वेळी नऊ बुरशीविरोधी औषधे मानवी चाचण्यांच्या टप्प्यात होती आणि त्यांतील केवळ तीन अंतिम टप्प्यात. तीही प्रामुख्याने शरीरात पसरणाऱ्या संसर्गांसाठी आहेत. डोळ्याचे थेंब म्हणून ती येतील तेव्हा येतील.

हातातील गोष्टी वेगळ्या आहेत. नाटामायसिन जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत कायम उपलब्ध असणे, तिथे काचपट्टीवरील चाचणीची सोय असणे, स्टिरॉइडचे थेंब चिठ्ठीशिवाय न मिळणे आणि साखर कारखान्यांच्या तोडणी तळांवर हंगामात डोळ्यांची तपासणी होणे. प्रयोगशाळेतील एमआयसीचा खरा उपयोगही इथेच आहे. एका रुग्णाचा अहवाल त्या रुग्णासाठी बहुधा उशिराच येतो. पण एका विभागातील शेकडो अहवाल वर्षानुवर्षे एकत्र पाहिले, तर त्या भागात कोणती बुरशी वाढते आहे, कोणते औषध निष्प्रभ होते आहे, हे कळते. पुढच्या हंगामात पात लागलेला मजूर रुग्णालयात येईल, तेव्हा पहिला थेंब कोणता टाकायचा हे डॉक्टरला त्यावरूनच ठरवता येईल.